हँडब्रेकला १२ टक्के

दहावीला पास व्हायला ३५ लागायचे, इथे इंग्लंडात गाडीच्या सरकारी तपासणीत हँडब्रेकला १६ टक्के पुरतात. आणि त्या १६ मध्येसुद्धा आमची गाडी आपटली. १२ टक्के! हे मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा पलीकडे जरा वेळ गप्पच, मग हळूच, "कोण नापास झालं म्हणालास?" अहो बाबा, गाडी. पोरगी नाही, गाडी.

तर झालं असं. आम्ही राहतो शेफील्डला, आणि दरवर्षी फेब्रुवारीत आमच्या गाडीची एमओटी येते. एमओटी म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पासिंग, फक्त इथे ते खाजगी गाडीलाही दरवर्षी करावं लागतं, गाडी तीन वर्षांची झाली की सुरू. आपल्याकडे पांढऱ्या नंबरप्लेटवाल्याला पंधरा वर्षं कोणी विचारत नाही, त्यामुळे इथे आल्यावर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं हा गॅरेजवाल्यांचा पैसे काढायचा धंदा असणार. फीवर सरकारी मर्यादा आहे, कारला जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स, आणि बरेच गॅरेजवाले त्याहून कमीतच करून देतात कारण खरा पैसा पुढच्या दुरुस्तीत असतो. नावाची गंमत म्हणजे एमओटी म्हणजे मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट, ते खातं त्या नावाने कधीच बंद झालं पण टेस्टला नाव चिकटलं ते चिकटलंच. १९६० ला सुरू झाली तेव्हा दहा वर्षांच्या पुढच्या गाड्यांनाच होती आणि बघायचे काय तर ब्रेक, दिवे आणि स्टीअरिंग. म्हणजे ब्रेक पहिल्या दिवसापासून आहे. १९६७ पासून तीन वर्षांचा नियम आला.

यंदा मी ठरवलं की गाडी टाकून घरी यायचं नाही, उभं राहून बघायचं. बघू देतात, तशी सोयच असते, फक्त मधेमधे करायचं नाही. टेस्टर साठीकडे झुकलेला, हातात चहाचा मग, आणि मला येता-जाता "लव्ह" म्हणणारा. शेफील्डमध्ये बाप्ये बाप्यांनाही लव्ह म्हणतात, पहिले सहा महिने मी दचकायचो.

गाडी ब्रेक मोजायच्या रोलरवर घेण्याआधीच ब्रेकची अर्धी तपासणी त्याने सीटवर बसून केली आणि मला तीच जास्त आवडली कारण त्यात मशीन काहीच नाही. इंजिन बंद करून त्याने ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबलं, दर वेळी पेडल कडक कडक होत गेलं. मग तसंच पायाखाली दाबून धरलं आणि चावी फिरवली. इंजिन सुरू झाल्याबरोबर पेडल पायाखाली थोडं खाली बसलं. बस, म्हणजे सर्व्हो चालू आहे. इंजिन जे व्हॅक्यूम तयार करतं ते ब्रेक दाबायला मदत करतं, आधी पंप करून तो साठा संपवायचा आणि मग इंजिन लावल्यावर मदत परत येते का ते बघायचं. खाली बसलंच नाही तर सर्व्हो गेला. हे कोणीही आपल्या अंगणात करून बघू शकतो, अर्ध्या मिनिटाचं काम, आणि मी वीस वर्षं गाडी चालवतोय, मला माहीत नव्हतं. मग पेडल सतत दाबून धरून ते हळूहळू खाली सरकतं का, म्हणजे कुठे ऑइल गळतंय का, दाबताना स्पंजासारखं लागतं का, म्हणजे आत हवा आहे का. पेडलचं रबरसुद्धा बघितलं, झिजून गुळगुळीत झालं असेल आणि पाय घसरत असेल तर त्यावरही नापास करतात.

हँडब्रेक त्याने ओढला, आणि मग माझ्यासमोर त्या दांड्याला वरून आणि दोन्ही बाजूंनी हाताने थपडा मारल्या. मी म्हटलं हे काय? तर म्हणे दात नीट बसतायत का ते बघतोय, उद्या तुझ्या पोराचा गुडघा लागून सुटायला नको. किती क्लिक वर यायला पाहिजे असा काही आकडा नाहीये, दांडा शेवटपर्यंत येऊन टेकायला नको, अजून ओढायला जागा उरली पाहिजे, एवढंच. एबीएसचा, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा, ब्रेकचा लाल दिवा, चावी फिरवल्यावर लागून विझतात का ते बघितलं आणि गाडी पुढे घेतली.

रोलर म्हणजे जमिनीत बसवलेले लोखंडी दंडगोल, एकेका चाकाखाली दोन-दोन. पुढची चाकं त्या खाचेत उतरवली की मोटर ते रोलर फिरवते आणि रोलर चाकं फिरवतात, गाडी जागेवरच. भिंतीवर डाव्या-उजव्या चाकाचे दोन काटे. आधी पाय ब्रेकवर न ठेवताच काटे बघायचे, ब्रेक न लावताही चाक अडत असेल तर ब्रेक चिकटतोय. मग हळूहळू दाबत न्यायचं, काटा वर-खाली नाचायला लागला तर डिस्क वाकडी किंवा ड्रम लंबगोल. आणि मग जोरात, पूर्ण. टायर रोलरला जेवढा अडवतो तेवढं बळ मशीन मोजतं, चाक लॉक झालं की थांबतं.

माझे आकडे मी फोनमध्ये टिपून घेतले होते, कारण मला सवयच आहे. पुढे डावं २८२ किलो, उजवं २९१. मागे डावं १४८, उजवं १३९. बेरीज ८६०. गाडीचं टेस्टसाठी धरलेलं वजन १३२० किलो, भागिले केलं तर ६५ टक्के. सप्टेंबर २०१० नंतर रस्त्यावर आलेल्या कारला पायाच्या ब्रेकला ५८ लागतात, आधीच्या गाडीला ५०. माझी २०१३ ची, म्हणजे फर्स्ट क्लास. डावं-उजवंही तपासतात, एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांत कमजोर चाक जोरदार चाकाच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर नापास आणि पुढच्या, म्हणजे वळणाऱ्या चाकांत ते अर्ध्याहूनही कमी असेल तर नुसतं नापास नाही, डेंजरस. कारण उघड आहे, ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर गाडी ज्या बाजूचा ब्रेक धरतो त्या बाजूला फिरते आणि मग तुम्ही डिव्हायडरवर.

इथपर्यंत मी खुशीत. मग मागची चाकं रोलरवर असतानाच त्याने हँडब्रेक हळूहळू, एकेक क्लिक करत ओढायला घेतला. डावा काटा चढत गेला, ११२ ला थांबला. उजवा काटा ५० च्या आसपास आला आणि तिथेच बसला, ५२. त्याने परत एकदा केलं. तेच. ११२ अधिक ५२ म्हणजे १६४, भागिले १३२०, म्हणजे १२ टक्के आणि वर थोडे दशांश. पाहिजेत १६, म्हणजे साधारण २११ किलो. ४७ किलोंनी विकेट गेली.

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "हँडब्रेक वापरत नाहीस ना?"

मी म्हटलं तुला कसं कळलं. तो हसला आणि गिअरच्या मुठीवर बोट ठेवलं, मूठ घासून गुळगुळीत, त्यावरचे आकडेसुद्धा पुसले गेलेत. मग हँडब्रेकचा दांडा. कोरा करकरीत! शोरूममधून आल्यासारखा.

आता ही सवय कुठून आली ते सांगतो. मी कोकणातला. आमच्याकडे पावसाळ्यात गाडी हँडब्रेक लावून चार दिवस उभी ठेवली की मागचा ड्रम धरतो, लायनर ड्रमला चिकटून बसतात आणि गाडी हलत नाही. त्यामुळे बाबांचं पहिलं ड्रायव्हिंगचं वाक्य गिअर नाही, क्लच नाही, तर "हँडब्रेक लावायचा नाही, पहिल्या गिअरात ठेवायची आणि मागच्या चाकाला दगड." आमच्या पडवीत तो दगड अजून आहे, जांभ्याचा, एका बाजूने टायरच्या आकाराचा झिजलेला. काकांचा टेंपो होता, त्यांच्याकडे दगडाऐवजी लाकडी ठोकळा, आणि तो ठोकळा लावणं-काढणं हे क्लीनरचं मुख्य काम. टेंपोचा हँडब्रेक चालतो की नाही हे काकांना बहुतेक टेंपो विकेपर्यंत कळलं नसेल.

काकांच्या टेंपोचं पासिंग मात्र मी लहानपणी दोनदा बघितलंय, शाळा बुडवून गेलो होतो. आदल्या रात्री जागरण, रंगाचा डबा, लाल-पांढरे रिफ्लेक्टर चिकटव, हॉर्न चालतो का बघ, शेजाऱ्याची बरी स्टेपनी उसनी आण. सकाळी मोकळ्या मैदानात टेंपोंची रांग. साहेब टेंपोच्या बाजूला उभे, हातात कागद, आणि हात वर करून म्हणायचे "मार!" काका दणकून ब्रेक मारायचे, धुरळा उडायचा, आणि साहेब खाली मातीत उमटलेल्या काळ्या रेघा बघायचे. दोन्ही रेघा सारख्या आल्या की झालं. आज विचार करतो तर वाटतं तेही काही अगदीच चुकीचं नव्हतं, रोलर जे दोन काट्यांनी सांगतो तेच त्या दोन रेघा सांगत होत्या, फक्त आकडा नव्हता. आपल्या नियमांत आकडाही आहे, ताशी ३० किलोमीटरच्या वेगावरून १३ मीटरच्या आत गाडी थांबली पाहिजे. आणि मुंबई उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर राज्यात २५० मीटरच्या ब्रेक टेस्ट ट्रॅकची सक्ती आली, पुण्याच्या गाड्या त्यासाठी दिवे घाट चढून वर जायला लागल्या हे पुण्यातल्या रिक्षावाल्यांना विचारा, ते तुम्हाला तासभर सांगतील. पण हँडब्रेक? काकांच्या पासिंगला हँडब्रेक कोणी ओढलेला मला आठवत नाही.

तर हा दगडवाला संस्कार घेऊन मी इंग्लंडात आलो. इथे ड्रायव्हिंग टेस्टसाठी जो शिकवायला होता तो सिग्नलला सुद्धा हँडब्रेक लाव म्हणायचा, मी टेस्टपुरता लावला आणि लायसन्स आलं त्या दिवसापासून सोडला. इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तकात, स्पष्ट लिहिलंय की गाडी सोडून जाताना हँडब्रेक लावलाच पाहिजे, मनात आलं तर नाही. मी वाचलंही होतं. पण सवय.

आणि कार चालताना मागचा ब्रेक फारसं काम करतच नाही, हे मला टेस्टरने सांगितलं. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, नाक खाली जातं, त्यामुळे बहुतेक काम पुढची चाकं करतात, माझ्या आकड्यांतसुद्धा बघा, पुढे २९० च्या घरात आणि मागे १४०. मागचा ब्रेक निम्म्यावर. त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ होऊ नये म्हणून, ते खारं पाणी गाडीच्या पोटाला चार महिने लागतं. पायाचा ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो, हँडब्रेक साध्या तारेवर. मुद्दामच वेगळा ठेवलाय, ऑइल गेलं तरी एक ब्रेक हातात राहावा म्हणून. ती तार एका नळीत असते, नळीचं तोंड मागच्या चाकापाशी उघडं, आणि रोज ओढली-सोडली नाही की आतल्या आत गंजते. मागच्या कॅलिपरवर, म्हणजे पॅडने डिस्कला चिमटणाऱ्या भागावर, एक छोटी दांडी असते, तार तिला ओढते, ती फिरते आणि पिस्टन पुढे ढकलते. तीही न फिरता तशीच बसली की बसतेच.

गाडी रॅम्पवर चढवल्यावर त्याने बॅटरी मारून दाखवलं. डावीकडची दांडी हाताने दाबली तर हलली, उजवीकडची हलेना, आणि तारेच्या तोंडाशी तपकिरी भुगा, बोट लावलं तर बोटाला आला. चाकं काढायची त्याला परवानगी नसते, टेस्टमध्ये काहीही खोलायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे पॅड वगैरे चाकाच्या आऱ्यांतून आणि खालून वाकून जेवढं दिसेल तेवढंच. पॅड दीड मिलिमीटरपेक्षा बारीक दिसले तर थेट डेंजरस. माझे बरे होते. ब्रेकच्या नळ्या बघितल्या, गंज आहे का, फुगलेत का, कुठे घासतायत का.

डेंजरस, मेजर, मायनर अशी दोषांची प्रतवारी करायची भानगड मे २०१८ पासूनची. माझं मेजर, म्हणजे नुसतं नापास. हँडब्रेक लागतात त्याच्या निम्म्याहून खाली, म्हणजे ८ टक्क्यांच्या खाली गेला असता तर डेंजरस, आणि मग गाडी घरी नेणंसुद्धा बेकायदा. दुरुस्ती तिथेच टाकली तर फेरतपासणीची फी नाही म्हणून मी तिथेच टाकली आणि बसने घरी आलो.

घरी येऊन आणखी एक गोष्ट केली जी आधी करायला पाहिजे होती. इथे कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाकला की तिच्या सगळ्या एमओटींचा इतिहास समोर येतो, कोणालाही, फुकट. माझ्या गाडीचा गेल्या वर्षीचा शेरा काय तर, हँडब्रेक जेमतेम पास, अ‍ॅडजस्टमेंट किंवा दुरुस्ती लागेलसं दिसतंय. जेमतेम पास! प्रगतिपुस्तकावरचा शेरा वाचून सही न करता दप्तरात कोंबावं तसा मी तो कागद घडी घालून गाडीच्या कप्प्यात टाकला होता. सेकंडहँड गाडी बघत असाल आणि इथे असाल तर नंबर टाकून आधी हे वाचा, विकणारा काय सांगतो ते नंतर ऐका.

१६ च का, असा प्रश्न मला पडला. टेस्टरला विचारलं तर तो म्हणे पुस्तकात आहे म्हणून. मग मी स्वतःच हिशोब घातला. वजनाच्या १६ टक्के बळ म्हणजे साधारण तेवढ्याच टक्क्यांचा उतार गाडी धरून ठेवेल, सहा फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, असा. माझे १२ म्हणजे आठास एक. आता शेफील्ड म्हणजे टेकड्यांवर वसलेलं गाव, आमच्या घरासमोरचीच चढण अशी की कचऱ्याचा डबा सुटला तर थेट खालच्या चौकात. इथे जेनकिन रोड म्हणून रस्ता आहे, २०१४ ला तूर द फ्रान्सची सायकल शर्यत त्यावरून गेली होती, एका ठिकाणी ३३ टक्के चढ. तिथे नुसत्या जेमतेम पास हँडब्रेकवर गाडी उभी करून भाजी आणायला गेलात तर परत येईपर्यंत गाडी तुमच्या आधी घरी. आणि दमवून गरम झालेली डिस्क थंड होताना आकसते, पकड थोडी सैल होते, लावला तेव्हा धरलेला हँडब्रेक तासाभराने सोडू शकतो. म्हणून हायवे कोड पण उतारावर म्हणतो की हँडब्रेक घट्ट ओढा आणि वर गिअरातही ठेवा, चढाला तोंड असेल तर पुढचा गिअर आणि चाकं फुटपाथपासून बाहेर वळवलेली, उताराला तोंड असेल तर रिव्हर्स आणि चाकं फुटपाथकडे. म्हणजे बाबांचं निम्मं बरोबरच होतं. दगड तेवढा हायवे कोडमध्ये नाहीये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. नवी तार, दांडी सोडवून ग्रीस, एकूण १४० पौंड, तारेपेक्षा मजुरी जास्त. परत रोलरवर डावं १३८, उजवं १३१, म्हणजे २० टक्के. टेस्टरने चावी देताना एवढंच सांगितलं की रोज ओढत जा, लव्ह.

मग मी रोज ओढायला लागलो. सिग्नलला, दुकानासमोर, घरासमोर, सपाट जमिनीवरसुद्धा, पहिले दोन आठवडे हिने टोकलं की एवढा कर्रकन काय ओढतोस, मग तिलाही सवय झाली, मलाही झाली, हात आपोआप जायला लागला.

यंदा गणपतीला गावी गेलो. पाऊस धो धो. बाबांची जुनी गाडी घेऊन बाजारात गेलो, आरास, फुलं, मोदकाचं पीठ घेऊन आलो, अंगणात लावली, आत गेलो. पाच दिवस कोणी गाडीकडे फिरकलं नाही, घर माणसांनी भरलेलं, आरत्या, जेवणावळी. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती गाडीतून न्यायची म्हणून मी बसलो, हँडब्रेक सोडला, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी पुढून उचलल्यासारखी झाली आणि मागून ढिम्म. पुन्हा केलं. ढिम्म. बाहेर सगळे "गणपती बाप्पा मोरया" करून माझ्याकडे बघतायत.

बाबा पडवीतून उतरले, एका हातात छत्री. खिडकीतून आत हँडब्रेककडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलले नाहीत. आत जाऊन हातोडी घेऊन आले, छत्री माझ्या हातात दिली, मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि ड्रमवर ठोकायला लागले. टण टण टण. चौथ्या-पाचव्या ठोक्याला आतून टप्प आवाज आला, आणि मग उजवीकडच्या चाकाशी गेले.

दोन्ही सुटल्यावर उठले, हातोडी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "दगड कुठेय?"